तुमचा उजवा डोळा

सर, जेवताना माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी येतं. तीन आठवडे झाले. पहिला घास तोंडात गेला, लाळ सुटली, की डोळा भरतो आणि दुसऱ्या घासाला गालावर ओघळ. दुःख काही नाही, तिखट नाही, कांदासुद्धा नाही. साधा वरणभात. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही आणि डॉक्टरांना तर विचारल्यावरही नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, तरी सांगायला पहिले तुम्हीच आठवलात. कारण असा दुसरा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तुम्ही. आणि त्या माणसाची मी काय थट्टा केली होती, तेही आपल्या दोघांना ठाऊक आहे.

सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी चूळ भरली आणि ती माझी परवानगी न घेता डाव्या कोपऱ्यातून बाहेर पडली. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा कुणा परक्या बाईचा, जिला माझ्या कशातच रस नव्हता. भुवई उचलली तर एकच उचलली गेली. डोळा मिटेना. वर्षानुवर्षं मी लोकांच्या खोड्या काढणारं सदर लिहिते, उज्जैन-इंदूर-देवास-ग्वाल्हेरच्या मराठी मंडळांत जाऊन ते वाचून दाखवते आणि पुढच्या रांगेतल्या मंडळींची तोंडं उतरलेली पाहून मनातल्या मनात खूश होते. आता माझंच उतरलं. मैत्रिणी म्हणाल्या, त्यावरच एक लेख लिही. मी लिहायला बसले. पहिल्या ओळीपाशीच वही मिटली.

इथले, उज्जैनच्या फ्रीगंजमधले डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाचे आहेत. मला मॅडम म्हणतात आणि मान खाली घालून लिहीत राहतात. चेहऱ्याच्या या लकव्यातून पुष्कळ लोक महिन्या-दोन महिन्यांत बरे होतात, माझं तसं झालं नाही. चौथ्या महिन्यात गाल जरासा हलला तेव्हा ते म्हणाले, "घबराइए मत मैडम, नस वापस बढ़ रही है. रोज़ एकाध मिलीमीटर, बस." मी विचारलं, "और ग़लत जगह पहुँच गई तो?" त्यांनी पेन खाली ठेवला. "ये आपको किसने बताया?" मी म्हटलं, "हमारे सर ने." ते थोडं हसले. मग म्हणाले की हो, तसं होतं कधीकधी. त्यावर सुई असते, व्यायाम असतात, घाबरायचं कारण नाही. आणि तेव्हापासून दर वेळी विचारतात, "खाना खाते समय आँख में पानी तो नहीं आता?" मागच्या खेपेला मी सरळ "नहीं" म्हणाले. खोटं बोलताना चेहऱ्यावर काही दिसत नाही, हा या आजाराचा एकमेव फायदा.

त्यांना वाटतं, मी घाबरलेली नाही. सर, मी दुपारी पलंगावर पडते आणि डाव्या कानामागे हात ठेवते. तिथल्या हाडातल्या चिंचोळ्या वाटेने ती नस येते, हे तुम्हीच शिकवलंत. तिच्यातले हजारो तंतू चाचपडत पुढे सरकताहेत आणि त्यातला कोण कुठे निघालाय हे मला कळत नाही, थांबवता येत नाही, परत बोलावता येत नाही. इतर बायका दुपारी झोपतात. मी आपल्याच डोक्यात पहारा देत पडून राहते.

तुमचा तो तास मला अजून दिसतो. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, प्राणिशास्त्राची लांबट प्रयोगशाळा, फॉर्मालिनचा वास, आणि तुम्ही खडूने फळ्यावर एक रेघ काढताय. रेघेच्या टोकाला पंजा, पंज्याला बारीक बारीक बोटं. "हे नसेचं वाढणारं टोक. ह्याला डोळे आहेत? नाही. नकाशा आहे? बिलकुल नाही. मग घरी कसा पोचतो हा?" आणि मग तुम्ही म्हणता, "अरे बाबा, ह्याच्या अंगभर दारं आहेत. रिसेप्टर. प्रत्येक दाराला वेगळी कडी. बाहेरून कुणीतरी येऊन आपली कडी वाजवतं. तो पाहुणा आत येत नाही, लक्षात घ्या, बाहेरच राहतो. पण कडी वाजली की आत पळापळ. 'ये' म्हणणारी कडी असली की त्या बाजूला आतले मांडववाले बांबू उभे करायला लागतात, टोक तिकडे फुगतं, वळतं. 'जा' म्हणणारी असली की बांबू धडाधड खाली, टोक आक्रसतं, दुसरीकडे वळतं. बस इतकंच. ह्यालाच आपण म्हणतो, नसेला रस्ता सापडला."

मग तुम्ही कुठल्याशा नव्या शोधाबद्दल सांगितलंत. इंदूरला जाऊन मासिकात वाचून आला होता. नसेला हाक मारणाऱ्या एका रेणूचं नाव तिकडच्या लोकांनी आपल्या संस्कृतातून घेतलंय, नेतृ म्हणजे नेणारा, यावरून नेट्रिन. तुम्हाला इतका आनंद झाला होता की जणू बारशाला तुम्हालाच बोलावलं असावं. आणि पुढे जे म्हणालात ते मी तेव्हा वहीत लिहिलं आणि विसरले: "मजा बघा, हाक एकच असते. एका टोकाला ती 'ये' ऐकू येते, दुसऱ्याला 'जा'. हाक मारणाऱ्याचा दोष नाही. ज्याच्या अंगावर जी कडी."

पुढच्या आठवड्यात तुम्ही आम्हाला नसा बनवलंत. डोळ्यांवर पट्टी, खोलीत दोन्हीकडे मुलं उभी, काहींच्या हातात कापूर, काहींच्या हातात हिंगाचा बोळा. कापराकडे जायचं, हिंगापासून लांब. माझी पाळी आली तेव्हा मला सणसणीत सर्दी होती आणि ते कबूल करायला लाज वाटत होती. मी ऐटीत निघाले, एका हिंगवाल्याला धडकले, दुसऱ्याला धडकले आणि शेवटी सांगाड्याच्या कपाटाला मिठी मारली. सगळा वर्ग लोळला. तुम्ही माझी पट्टी सोडलीत आणि म्हणालात, "वा बाईसाहेब! लाळेच्या घरी निघालात आणि डोळ्यात घुसलात! आता हा माणूस जेवायला बसला की रडणार बघा, जन्मभर." वर्ग अजून हसला. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, सर, की तुम्ही कुणाबद्दल बोलताय. तुम्ही आम्हाला सगळं सांगून टाकलं होतंत. वासच न येणारी मी एकटी नव्हते.

कारण दुपारी एक वाजता तुम्ही तुमच्या खोलीत डबा उघडायचात, दार उघडंच असायचं, आणि आम्ही येताजाता बघायचो. पोळीचा पहिला घास, आणि उजव्या डोळ्याला रुमाल. पुन्हा घास, पुन्हा रुमाल. आमचे तर्क चालायचे. कुणी म्हणायचं काकू फार तिखट करतात, कुणी म्हणायचं सरांना त्यांच्या आईची आठवण येते. कुणालाच वाटलं नाही की विचारावं. विचारलं असतं तर तुम्ही फळ्यापाशी नेऊन समजावून सांगितलं असतंत, आणि मग गंमत संपली असती.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही मुलांनी प्रहसन केलं. लिहिलं मी. 'भावनाप्रधान डबा'. एक प्राध्यापक डबा उघडतो आणि घासागणिक रडतो. शिपाई बादली आणून ठेवतो. विद्यार्थी सांत्वनाला येतात आणि ओळीत बसून रडतात. शेवटी कळतं की प्राध्यापकांच्या घरी भाजीत मीठ घालणंच बंद झालंय, कारण ते वरून पडतंच. या वाक्याला सभागृह नुसतं फुटलं. तुम्ही पहिल्या रांगेत होता, शेजारी काकू. मी पडद्याच्या फटीतून तुमच्याकडेच बघत होते, उद्या सर काय म्हणतील. आणि तेवढ्यात तुम्ही माझ्या दिशेने बघून उजवा डोळा मिचकावलात.

त्या एका डोळ्यावर मी उभी राहिले, सर. ज्याची टर उडवली तोच डोळा मिचकावून म्हणतोय, लिही पोरी, बिनधास्त लिही! त्यानंतर मी कुणाला सोडलं नाही. मंडळाचे अध्यक्ष, आमच्या सोसायटीचे चिटणीस, सासरची माणसं, लग्नात माइक न सोडणारे मामा. कुणी दुखावलं गेलं की मी म्हणायचे, आमच्या सरांकडे बघा, मोठ्या मनाची माणसं हसतात. कितीतरी भाषणांत मी तुमचा तो किस्सा सांगितला आहे. टाळ्या हमखास.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी आरशासमोरचे व्यायाम दिले. 'ई' म्हणा, 'ओ' म्हणा, गाल फुगवा, हसा. मी ओठ ताणले. डावा डोळा आपोआप मिटला. पुन्हा ताणले, पुन्हा मिटला. हसू यायची गरज नव्हती. नुसते ओठ आवळले, दात खाल्ले, आवंढा गिळला तरी मिटत होता. ओठाकडे निघालेले काही तंतू पापणीत जाऊन बसलेत. मी आरशात स्वतःलाच डोळा मारत उभी होते आणि मला तो पहिल्या रांगेतला डोळा आठवला. तुम्ही मला डोळा मारलाच नव्हता. तुम्ही फक्त ओठ आवळले होते.

तेव्हापासून भीती दुप्पट झाली आहे. एक भीती चेहऱ्याची, ती निदान डॉक्टरांपाशी बोलता येते. दुसरी कुणापाशी बोलू? चुकीच्या कडीवर सगळं आयुष्य वळलं असेल तर आता कुठे परत जायचं?

आणि मधेच लेकीचं लग्न येऊन ठेपलंय. महिनाभरावर. मुलगा इथलाच, माधव नगरचा, हिंदी घरातला, चांगला आहे, मला आवडतो. पण तीन आठवडे झाले, मी लेकीबरोबर जेवलेली नाही. "मी नंतर बसते," "माझा उपास आहे," "चाखता चाखताच पोट भरलं," अशी रोज नवी थाप. स्वयंपाकघराचं दार लोटून ओट्यापाशी उभ्याने खाते, डाव्या हातात नॅपकिन. परवा तिने ते दार ढकललं. मी पाठ फिरवली. ती म्हणाली, "आई, तुला तो पसंत नाही ना? क्लिअर बोल ना एकदा. माझ्यासोबत जेवायला पण बसत नाहीस." मी म्हटलं, "तसं काही नाही गं." ती म्हणाली, "हेसुद्धा तू टोमणा मारल्यासारखंच बोलतेस." आता अर्ध्या तोंडाने काहीही बोललं तरी टोमणाच वाटतो, आणि उरलेल्या अर्ध्याची ख्याती तर जुनीच आहे. ती गेली. ताटात वरणात कुस्करलेला बाफला तसाच राहिला.

रविवारी माझी नणंद तिचं केळवण करते आहे. तीस-चाळीस माणसं, टेबलं मांडून समोरासमोर पंगत, आणि मुलीच्या आईच्या पानाकडे सगळ्यांचं लक्ष. आता तुम्हीच बघा, लेकीच्या केळवणात आईच्या डोळ्यातून पाणी आलं तर कोण काय म्हणणार? उलट कौतुक होईल, बाई वरून कडक पण आतून किती हळवी! फुकटात पदरात पडणारं वात्सल्य आहे, लपायला याहून चांगली जागा नाही. पण माझी लेक समोर बसलेली असेल. ती रडणं बघेल आणि तिची खात्रीच पटेल, आईला तो पसंत नाही. तेव्हा मला समजेना की कुणाला विचारावं, आणि काल सकाळी मी तुमच्या घरी गेले.

काकू ऐंशीच्या पुढे आहेत, पण दार त्यांनीच उघडलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, तूच ना ती मिठाची?" इतक्या वर्षांनी, सर, मी मिठाची. मी म्हटलं, "हो काकू." "ये, बस. पोहे केलेत आत्ताच, शेव घालून देते." मी नको नको म्हणत राहिले, त्यांनी बशी हातात ठेवली आणि समोर बसून राहिल्या. पळायला जागा नव्हती. मी घास घेतला. दुसरा घेतला. डोळा भरला. मी मान खाली घातली, आणि बशीशेजारी एक घडी केलेला रुमाल आला. डाव्या बाजूला, अगदी हाताशी. मी वर पाहिलं.

"तुझा डावा का?" काकू म्हणाल्या. "यांचा उजवा होता. मी नेहमी उजवीकडे बसायची. यांना बघावं लागायचं नाही, हात नेला की रुमाल."

मी रुमाल डोळ्याला लावला. त्याच बोलत राहिल्या. "मला बघायला आले ना इंदूरला, तेव्हा हे आजारपण होऊन वर्षच झालेलं. आमच्याकडे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. यांनी घास घेतला आणि लागले रडायला. आमचे बाबा आत येऊन आईला म्हणतात, मुलगा फार हळवा दिसतो, मुलीला सुखात ठेवेल, हो म्हणून टाकू! यांनी लग्नानंतर पंधरा दिवसांनी मला खरं सांगितलं. घाबरत घाबरत. मी म्हटलं, अहो, मग हळवे नाही का तुम्ही? तर म्हणाले, आहे, पण त्या डोळ्याने नाही."

मी हसले. माझा डोळा मिटला. काकूंनी तोही ओळखीने पाहिला.

मग मी विचारलं, जे विचारायला गेले होते ते. त्या रात्री सर घरी आल्यावर काय म्हणाले? काकूंनी शेवेचा डबा बंद केला, पुन्हा उघडला, माझ्या बशीत थोडी घातली. "म्हणाले, पोरीने चांगलं लिहिलंय, हात आहे तिला. हे खरंच म्हणाले हं, मी तुझ्या समाधानासाठी नाही सांगत. मिठाचं वाक्य चांगलंच होतं. मीसुद्धा हसले सभागृहात. मग घरी येऊन रडले, आणि माझ्या नसा तर सगळ्या ठिकाणावर होत्या."

"आणि सर?"

"ते नाही रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरला तर म्हणाले, आता राहू दे, मी घरी येऊन जेवत जाईन. रिटायर होईपर्यंत नाही नेला. तीन वाजता यायचे, भुकेने चेहरा एवढासा व्हायचा." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तू कुठे जेवतेस?"

मी सांगितलं. ओट्यापाशी, उभ्याने, दार लोटून.

"लेकीला माहीत आहे?" मी नाही म्हणून मान हलवली. काकू उठल्या, आतून अजून एक रुमाल आणला, तुमचाच असावा, कडा विरलेली. माझ्या पर्समध्ये कोंबला. "मग तू तिच्यावर कशाला सूड उगवतेस? तिने काही नाटक लिहिलंय का?"

सर, काकू तुमच्यापेक्षा चांगल्या शिकवतात.

आता सातला पाच कमी आहेत. आम्ही लवकर जेवतो. लेक बाहेर पानं घेते आहे, तीन ताटांचा आवाज आला, तिचं, तिच्या बाबांचं, म्हणजे माझं पण घेतलंय, रोज घेते, रोज परत उचलते. तुमचा रुमाल माझ्या डाव्या हाताशी आहे. मी जाऊन बसणार आहे आणि पहिल्या घासाच्या आधी तिला सांगणार आहे की आता जे दिसेल ते तुझ्यामुळे नाही, त्या मुलामुळे नाही. जमलं तर फळ्यावरचा तो पंजा काढून दाखवीन, कढीत बोट बुडवून ताटावर. डॉक्टरांनाही सोमवारी खरं सांगेन. भीती गेलेली नाही. कानामागे अजून कोण कुठे निघालंय, पुढच्या महिन्यात या तोंडाचं काय झालेलं असेल, मला माहीत नाही. लग्नाच्या फोटोत मी हसले तर डोळा मारल्यासारखी दिसेन, हे मात्र पक्कं.

हे पत्र मी त्या जुन्या वहीत ठेवते, नेट्रिनच्या पानाशी. पाठवायला पत्ता नाही म्हणून नाही, तर काकूंच्या हाती पडलं तर त्या खालची ओळ वाचतील म्हणून. त्या दिवशी पडद्याच्या फटीतून मला तुमचे ओठही दिसले होते, सर. दिवा तुमच्याच रांगेवर होता. ते हसणाऱ्या माणसाचे ओठ नव्हते, एवढं एकोणीस वर्षांच्या मुलीलाही कळतं. मी डोळाच बघायचं ठरवलं.